एका पायाचा मोर

डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोनच गोष्टी लिहिल्या:
मीठ कमी. राग कमी.
मिठाची बरणी राजमणीनं वरच्या फळीवर ठेवली.
रागाला फळी कुठून आणू?

म्हणून पहाटे साडेपाचला
अशोक चौकामागच्या शाळेच्या पटांगणात
चन्नवीर मास्तरांच्या वर्गाला जातो.
बाकीच्यांकडे गुंडाळायच्या रबरी चटया,
माझ्याकडे चादर. माझ्याच मागावरची.
त्या पाळीत जकार्डचे हूक अडकले
आणि मोर उतरला एका पायाचा.
शेठनं फेकली, पगारातून कापली,
तेव्हापासून ती माझी.

मास्तर म्हणतात, एक तळवा मांडीला लावा,
हात वर, झाड व्हा.
मी झाड होतो आणि पडतो.
परत होतो. परत पडतो.
बँकेतल्या सुलभाताई हसू दाबतात,
ते दाबलेलं जास्त ऐकू येतं.
"नजर कुठंय बे तुझी? एका जागी ठेव की."
खाली बघतो तर मोर उभा,
अकरा वर्षं, एका पायावर,
धुतला, पिळला, चव्वेचाळीस डिग्रीत वाळत घातला,
पिसारा विटला,
कलला मात्र नाही.

शेवटी शवासन.
मास्तर म्हणतात, आता फक्त शांतता ऐका.
माझ्याकडे ती नाही.
छत्तीस वर्षं माग चालवला,
तो डाव्या कानात अजून चालतो,
बिनपगारी, तिन्ही पाळ्या.
हे सांगितलं तेव्हा मास्तर जरा गप्प झाले,
मिशी चोळली, म्हणाले,
"मग त्याच्याच ठोक्यावर श्वास घे.
चार ठोके आत, सहा ठोके बाहेर."
हे कुठल्या पोथीत आहे का, माहीत नाही.
मला लागू पडलं.

तसं ताणाचं मला कुणी शिकवायला नको.
बीम जास्त कसला की तार तुटते,
सैल सोडला की धोटा अडकतो,
नेमका किती, ते बोटालाच कळतं.
किती पोरांना हे शिकवलं,
हात धरून, कधी शिव्या घालून.
घरात मात्र बोट लावून बघितलं नाही
कुठं काय तुटायला आलंय.

परवा मास्तरांनी अपरिग्रह सांगितला.
गरजेपुरतं ठेवा, साठवू नका.
सगळं पटांगण हसलं.
पाचव्या दिवशी पाणी येतं सोलापुरात,
आणि साठवू नका?
मास्तरही हसले.
त्यांच्या अंगणात मी स्वतः आठ ड्रम मोजलेत.

काल रात्री दोनला पाण्याची पाळी.
गंगाधर येमूलनं परत नळाला मोटर जोडलेली.
मी बाह्या सरसावून निघालो,
चार आत,
सहापर्यंत पोचलोच नाही,
अर्धी शिवी तोंडातून गेलीच.
उरलेली अर्धी गिळली.
गंगाधर थांबला. उरलेल्या अर्ध्याची वाट बघत राहिला.
ती येईना, तसा तोच गोंधळला,
म्हणाला, "तब्येत बरी हाय ना?"
मोटर काही काढली नाही त्यानं.
"पंधरा मिनटं" म्हणाला, वीस लावली.

तेवढा वेळ मी नळापाशी उभा,
हातात रिकामी घागर.
गल्लीत अंधार, भिंतीमागं कुणाचा तरी माग चालू.
कुणी बघत नाही असं पाहून
एक पाय हळूच उचलला.

राजमणी कळशी घेऊन दारात आली.
"पाय दुखालाय का?"
"नाही."
"मग?"
काय सांगू तिला.
घागर जरा हलली, मी हललो,
पाय टेकला, परत उचलला.
ती काही बोलली नाही,
कळशी खाली ठेवून पायरीवर बसली.
या वेळी ती बसते, हे मला माहीत नव्हतं.

मग नळानं आधी वारा सोडला,
लांब, फुस्स करत,
मी सवयीनं मोजला:
सहा नाही, चांगले नऊ ठोके.
आणि पाणी आलं.